हवा जाते कुठे?

जुनी मोटारसायकल चढावर दम सोडायला लागली की गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कम्प्रेशन गेलंय." त्याला लागूनच दुसरं येतं, "ब्लॉक-पिस्टन करून टाका." मी ही दोन्ही वाक्यं ऐकली तेव्हा ती मला एकच वाटली. कम्प्रेशन म्हणजे काय, ते जातं म्हणजे कुठे जातं आणि गेल्याचं कुणी मोजून पाहिलं का, हे प्रश्न विचारण्याइतकीही माहिती माझ्याकडे नव्हती. पेट्रोल घालायचं आणि चाकात हवा भरायची, एवढ्यावर माझं गाडीचं ज्ञान संपत होतं. म्हणून त्या गॅरेजवाल्यांना मी फक्त खर्च विचारला. तो ऐकल्यावर मात्र कारणही विचारावंसं वाटलं.

गाडी म्हणजे जुनी स्प्लेंडर. टाकीवर अजून 'हिरो होंडा' लिहिलेलं आहे, म्हणजे दोन्ही कंपन्या वेगळ्या होण्याआधीची. वाईहून पाचगणीला कामाला जायचं आणि एसटीच्या वेळा जुळत नाहीत, म्हणून मी ती सेकंड हँड घेतली. सपाटीला छान चालायची. पसरणी घाट लागला की तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर यायची आणि इंजिन चांगलं तापलं की वळणावर बंद पडायची. मग कितीही किका मारल्या तरी सुरू होत नसे. थोडा वेळ सावलीत उभी केली की मुकाट्याने सुरू व्हायची. तिची किक इतकी हलकी होती की मला ती गाडीची खुबी वाटायची. आमच्या आळीतल्या जुन्या मिस्त्रीकाकांनी हाताने पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, किकेने पायाला उलटा धक्का द्यायला पाहिजे. हिला जोरच नाही." जी गोष्ट मला आवडत होती तीच बिघाडाची पहिली खूण निघाली.

काकांनी एका रिकाम्या पुठ्ठ्यावर सिलिंडर काढून दाखवला. या इंजिनात पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर आणि त्याची खालीवर धाव ४९.५ मिलिमीटर. पिस्टनचं क्षेत्रफळ आणि धाव यांचा गुणाकार केला की ९७.२ सीसी येतात. गाडीच्या कागदावरचा हा आकडा म्हणजे पिस्टन एका फेरीत जितकी जागा मोकळी करतो ती जागा, हे मला तेव्हा कळलं. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. मग ठिणगी पडते, स्फोट पिस्टनला खाली ढकलतो आणि पुन्हा वर येताना तो धूर बाहेर टाकतो. चार धावा, म्हणून फोर स्ट्रोक. निकोलाउस ओटो या जर्मन माणसाने १८७६ मध्ये या पद्धतीचं इंजिन चालवून दाखवलं आणि आपल्या गाड्या अजून त्याच क्रमाने चालतात. दुसऱ्या धावेत मिश्रण साधारण नऊ पट दाबलं जातं, म्हणजे शंभरएक सीसीचा ऐवज जेमतेम बारा सीसीच्या पोकळीत कोंबला जातो. चहाचे दोन-अडीच चमचे मावतील एवढीच ती पोकळी. मला आजवर पेट्रोल हीच इंजिनाची ताकद वाटत होती. ते नीट दाबलं गेलं नाही तर त्याचा उपयोग होत नाही, हे नवीन होतं.

"मग ही दाबलेली हवा निसटते कुठून?" मी विचारलं. काकांनी पुठ्ठ्यावर चार जागी फुल्या मारल्या. पिस्टनच्या कडेने, म्हणजे रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली असेल तर. मिश्रण आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हमधून. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून. आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, व ब्लॉक, म्हणजे सिलिंडर स्वतः, यांच्यामधल्या गॅस्केटमधून. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि भात कच्चा राहतो, तसंच इथे आहे, फक्त रिंग एक नसून चार ठिकाणी आहे. ब्लॉक-पिस्टन बदलल्याने त्यातली एकच फुली पुसली जाते. गळती दुसरीकडे असेल तर पैसे जातील आणि घाट तसाच राहील. तिथे मी ठरवलं, हवा कुठून जाते ते कळेपर्यंत इंजिन उघडायचं नाही.

उघडण्याआधी नुसतं पाहून बरंच कळतं. काकांनी मला सायलेन्सरमागे उभं केलं आणि एक्सलेटर पिळला. रिंगा झिजल्या असतील तर खालचं ऑइल वर चढून जळतं आणि रेस दिली की निळसर धूर येत राहतो. बराच वेळ उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यायचा. माझ्या गाडीला धूर नव्हता. ऑइलची पट्टी मी काही आठवडे पाहत होते, पातळी उतरत नव्हती. प्लग काढला तर त्यावर ओलसर काळा थरही नव्हता. एअर फिल्टर मात्र धुळीने गच्च भरलेला निघाला. तो बदलला, कार्बोरेटर साफ केला, क्लच घसरत नाही ना तेही पाहिलं, कारण या तिन्ही गोष्टींनी गाडी अशीच अशक्त वाटते. फरक थोडा पडला, पण गरम झाल्यावर बंद पडणं थांबलं नाही. धूर नसणं ही माझ्यासाठी आशेची खूण आहे, एवढं काका बोलून गेले.

मग आलं कम्प्रेशन गेज. घड्याळासारखी तबकडी, तिला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला प्लगच्या जागी बसणारे आटे. या गाडीच्या प्लगचे आटे १० मिलिमीटरचे, बुलेटसारख्या गाडीचे १४ चे, त्यामुळे जोड बरोबर मापाचा लागतो. नुसतं रबर हाताने दाबून धरायचं गेजही मिळतं, पण हात जरा हलला की हवा तिथूनच जाते आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. गाडी न्यूट्रलला, चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद, प्लगची वायर बाजूला. काकांनी मला आधी एक्सलेटर न पिळताच किका मारायला लावल्या. काटा जरासा चढून थांबला. मग म्हणाले, "आता पूर्ण पिळून धरा आणि काटा थांबेपर्यंत मारत राहा." काटा आधीपेक्षा बराच वर गेला. इंजिन तेच, गेज तेच, पण हवेला आत यायची वाट बंद असेल तर दाबायला हवाच नसते. एक्सलेटर न पिळता घेतलेला आकडा चांगल्या इंजिनालाही आजारी ठरवतो.

माझ्या गाडीचा आकडा थंड असताना १०५ पीएसआय आणि घाट चढून उतरून आल्यावर गरम असताना ८५. काकांचा अनुभव असा की या आकाराच्या इंजिनात १४०-१५० च्या आसपास काटा गेला तर तब्येत ठीक, शंभराच्या खाली गेला तर गाडी त्रास देणारच. नेमका आकडा मात्र ज्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरायचा. बुलेटच्या जुन्या इंजिनाला तर किक मारणं सोपं व्हावं म्हणून कम्प्रेशन मुद्दाम सोडायची वेगळी खिट्टी असते, तेव्हा एका गाडीचा आकडा दुसरीला लावता येत नाही. उंचीचाही फरक पडतो. पाचगणी वाईपेक्षा ५००-६०० मीटर उंच आहे, तिथली हवा विरळ, म्हणून तेच इंजिन वर नेलं तर काटा थोडा कमी दाखवेल. आधीचं आणि नंतरचं मोजमाप एकाच जागी, इंजिन सारखंच तापलेलं असताना घ्यायचं. पण काकांना आकड्यापेक्षा त्यातला फरक महत्त्वाचा वाटला. तापल्यावर आकडा पडतो, म्हणजे गरम झाल्यावर काहीतरी फुगून अडकतंय.

त्यांनी टॅपेट तपासायला घेतलं. व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात थोडी फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या काही शतांशांची. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, त्या वाढीसाठी ही जागा. ती मोजायची असते इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. म्हणून मी सकाळी लवकर गाडी ढकलत नेली. मॅग्नेटच्या झाकणावरची दोन छोटी बुचं काढली, एकातून पाना घालून आतलं मॅग्नेटचं चाक फिरवलं आणि दुसऱ्यातून 'टी' ही खूण समोर आणली. पिस्टन आता सगळ्यात वर. पण तो चार धावांत दोनदा वर येतो. दाबायच्या धावेला आला असेल तर दोन्ही रॉकर किंचित हलतात, नाहीतर चाक अजून एक पूर्ण फेरी फिरवायचं. फीलर गेजची ०.०५ ची पाती इनलेटच्या फटीत अलगद गेली. एक्झॉस्टच्या फटीत सगळ्यात पातळ पातीसुद्धा शिरेना. तिथे फटच उरली नव्हती.

हे मला उलटं वाटलं. झीज झाली की फट वाढायला हवी. काकांनी समजावलं की व्हॉल्व्हचं तोंड आणि तो ज्या कडेवर टेकतो ती सीट झिजते तेव्हा व्हॉल्व्ह सीटमध्ये आणखी आत बसतो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि फट कमी होत जाते. गार असताना तो कसाबसा मिटतो. तापून लांबला की रॉकर त्याला पूर्ण मिटूच देत नाही. घाटात गाडी बंद पडून सावलीत सुरू व्हायची ती यामुळे. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो मिटून सीटवर टेकलेला असतानाच बाहेर जाते. तो टेकला नाही तर जास्त तापतो, जळत्या वायूचा झोत त्याच्या कडेवरून जात राहतो आणि कड करपते. सैल टॅपेट टकटक आवाज करतं, म्हणून माणूस गॅरेजला जातो. घट्ट टॅपेट आवाजच करत नाही. गाडी घेताना "इंजिनाचा आवाज ऐका, किती शांत आहे" असं मला सांगितलं होतं आणि सांगणाऱ्यालाही ते खरंच वाटत असणार. ती शांतता म्हणजे संपलेली फट होती.

फट मॅन्युअलप्रमाणे ठेवली आणि गाडी तापवून पुन्हा गेज लावलं. ८५ चे १०० झाले. सुधारलं, पण पुरेसं नाही. आता ऑइलची चाचणी. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडायचं. ते रिंगांभोवती पसरून तिथली गळती तात्पुरती बुजवतं. आकडा चांगला उसळला तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरमध्ये, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. ऐकायला सोपं आहे, पण या इंजिनात दोन अडचणी आहेत. पोकळीच बारा सीसीची, त्यात चमचाभर ऑइल ओतलं तर जागा व्यापल्यामुळेच दाब वाढतो आणि रिंगांवर विनाकारण संशय येतो. म्हणून काकांनी सिरिंजने दोनच मिलिलिटर सोडलं. दुसरं म्हणजे स्प्लेंडरचा सिलिंडर जवळपास आडवा आहे, ऑइल खालच्या बाजूला जमतं. म्हणून ते पसरावं यासाठी आधी हळूहळू किका मारल्या, मग मोजलं. १०५. जवळजवळ काहीच फरक नाही. "रिंगा शाबूत दिसतात, पण आडव्या सिलिंडरवर एवढ्यावरून पैज लावणार नाही," काका म्हणाले. अनुभवी माणूस स्वतःच्या चाचणीवरही शंका घेतो, हे मी तिथे शिकले.

खात्री केली हवेने. यासाठी शेजारच्या पंक्चरवाल्या दादांचा कॉम्प्रेसर लागला. पिस्टन दाबायच्या धावेला सगळ्यात वर आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. मग प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचं. गेजच्या नळीतच ट्यूबमध्ये असते तशी वॉल्वपिन असते. पंक्चरवाल्या दादांनी ती आपल्या चावीने काढून दिली आणि नळी हवा भरायला मोकळी झाली. हवेच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो आणि इंजिन फिरू शकतं. पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब झाला तर पिस्टनवर जवळपास २०० किलोचा जोर येतो. म्हणून दाब बराच कमी ठेवला, गाडी टॉप गिअरमध्ये घालून मागचा ब्रेक दाबून धरला आणि मॅग्नेटमधला पाना आधी काढून घेतला. तो तिथेच राहिला तर फिरून हाताचं हाड मोडू शकतं.

हवा सुरू झाली आणि काकांनी मला एकेका जागी कान लावायला सांगितलं. कार्बोरेटरच्या तोंडाशी शांत, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह ठीक. ऑइल घालायच्या भोकाशी अगदी हलकी सुरसुर. रिंगांच्या फटीतून थोडी हवा प्रत्येक इंजिनात जातेच, त्याची चिंता नाही. हेड आणि ब्लॉकच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. मग सायलेन्सरच्या टोकाशी कान नेला आणि स्पष्ट, सलग फुस्स ऐकू आलं. दोष कुठे आहे ते दाखवायला आता कुणाच्या मताची गरज नव्हती. मीसुद्धा, जिला सुरुवातीला व्हॉल्व्ह कुठे असतो ते माहीत नव्हतं, बोट ठेवून सांगू शकत होते.

मग हेड उतरवलं. व्हॉल्व्ह जागेवर असतानाच काकांनी एक्झॉस्टच्या पोकळीत थोडं पेट्रोल ओतलं, तर ते व्हॉल्व्हच्या कडेने पाझरून खाली आलं. इनलेटच्या पोकळीतलं जागच्या जागी राहिलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढला, त्याच्या कडेवर खड्डे पडले होते. उघडलेल्या सिलिंडरमध्ये काकांनी मला नख फिरवायला सांगितलं. कुठेही ओरखडा लागला नाही. भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर बनवताना घासून पाडलेल्या, तिरक्या बारीक रेषा अजून दिसत होत्या. या रेषा ऑइल धरून ठेवतात आणि त्या शिल्लक आहेत याचा अर्थ सिलिंडर फारसा झिजलेला नाही. जो ब्लॉक बदलायला मला सांगितलं होतं तो चांगल्या स्थितीत माझ्यासमोर होता.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवा घेतला. सीट वाचवता आली. ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर डावीकडे-उजवीकडे घासत बसवायचा, याला लॅपिंग म्हणतात. काकांनी शेवटचा हात मला दिला. सगळीकडून सारखा राखाडी पट्टा उमटेपर्यंत घासायचं, मध्येच तुटलेला पट्टा चालत नाही. नंतर पेस्टचा कणही राहू नये इतकं धुवायचं, कारण तीच पेस्ट आत गेली तर चांगला सिलिंडर खराब करेल. नवी सीलं, नवं गॅस्केट, टायमिंग चेनच्या खुणा जुळवून जोडणी आणि पुन्हा पेट्रोलची परीक्षा. या वेळी थेंब गळला नाही. इंजिन तापवून गेज लावलं, काटा १५० ला थांबला. किकेने पायाला उलटा धक्का दिला. घाटात गाडी आता तिसऱ्या गिअरवर चढते आणि वर पोचल्यावर बंद करून लगेच सुरू केली तरी सुरू होते.

जुनी गाडी वापरणाऱ्या किंवा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. गाडी घेताना ती गरम करून, बंद करून, पुन्हा सुरू करून पाहा. थंड इंजिनावर टॅपेट वेळेवर तपासून घ्या, आवाज येत नसला तरीही. आणि कुणी कम्प्रेशन गेलंय म्हणालं तर नम्रपणे दोन प्रश्न विचारा, आकडा किती आला आणि हवा कुठून जाते. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही. आधी फुकटात दिसणारं पाहा, मग टॅपेट, मग गेज, मग ऑइल, मग हवा, आणि या सगळ्यांनी एकच जागा दाखवली की मगच इंजिन उघडा. मोजल्याशिवाय ब्लॉक-पिस्टनचे पैसे देऊ नका.